न शिकवता आलेलं व्याकरण

‘डोरका’ असा शब्द मराठीत नाही. तो या लेखापुरता बनवला आहे. समजा, एका छोट्या प्राण्याचं हे नाव आहे. एकाच्या जागी असे दोन प्राणी असतील, तर काय म्हणाल? ‘दोन डोरके’. त्यातल्या एकाला खाऊ द्यायचा असेल, तर? ‘डोरक्याला’. मादी असेल तर ‘डोरकी’. शब्द आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडला, तरी तो चालवताना मराठी बोलणारा माणूस अडखळत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजी अडखळत नाही आणि अजून अक्षरओळख न झालेली नातही नाही.

अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली नेमका असाच प्रयोग केला. पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढून तिने मुलांना सांगितलं, ‘हा वग आहे.’ मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून ती वाक्य अर्धवट सोडायची आणि मुलं ते ‘वग्ज’ असं पूर्ण करायची. हा शब्द त्यांनी कोणाच्याही तोंडून ऐकलेला नव्हता, म्हणजे ती पाठ केलेलं म्हणून दाखवत नव्हती. अनेकवचन कसं होतं याचा नियम त्यांनी आजूबाजूच्या बोलण्यातून स्वतःच शोधून काढला होता आणि नव्या शब्दाला तो लावला होता.

आधुनिक भाषाविज्ञानाची सुरुवात या आश्चर्यापासून करता येते. प्रत्येक माणसाला आपल्या भाषेचं सविस्तर आणि अचूक व्याकरण अवगत असतं, पण ते सांगायला गेलं तर सांगता येत नाही. हे अवगत असलेलं आणि न सांगता येणारं ज्ञान उजेडात आणणं, हे भाषाविज्ञानाचं काम.

व्याकरण कुठे असतं?

‘व्याकरण’ म्हटलं की शाळेतलं पुस्तक, प्रयोग, समास आणि कापलेले गुण आठवतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झालं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. पण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोक मराठीत भांडत होते, सौदे करत होते, ओव्या गात होते. या पुस्तकांनी मराठीला नियम दिले नाहीत. जे नियम लोकांच्या बोलण्यात आधीपासून होते, त्यांची या विद्वानांनी मोठ्या कष्टाने नोंद केली.

ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त सुमारे ४००० सूत्रं आहेत आणि एका जिवंत भाषेची रचना इतक्या थोड्या शब्दांत बांधणारा दुसरा ग्रंथ सापडणं कठीण. त्यातही पूर्वेकडचे लोक एखादं रूप कसं वापरतात आणि उत्तरेकडचे कसं, याच्या नोंदी पाणिनी करतो. वापरातला फरक पाहायचा आणि त्यामागची शिस्त मांडायची, हीच आजच्या भाषावैज्ञानिकाचीही पद्धत आहे.

मनातल्या या व्याकरणाची खोली पाहायची असेल, तर दोन साधी वाक्यं घ्या. ‘त्याने छत्री हरवली’ आणि ‘तो छत्री विसरला’. दोन्ही भूतकाळातली, दोन्हींत छत्री कर्म. तरी पहिल्यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद छत्रीचं लिंग घेतं, तर दुसऱ्यात ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘बोलणे’ अशी मोजकी क्रियापदं मराठीत वेगळी वागतात. ‘ती मराठी शिकली’ म्हणायचं, पण ‘तिने मराठी लिहिली’. शिवाय ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणायचं, पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लावायचा नाही. ही यादी कोणत्याही आईने मुलाला पाठ करून घेतलेली नसते. कर्तरी आणि कर्मणी हे शब्द मुलाच्या कानावर पडतात ते पुढे शाळेत, आणि तोवर हे प्रयोग त्याच्या जिभेवर कधीचेच रुळलेले असतात.

बाहेरून आलेल्या शब्दांचंही तसंच. ती बस, तो फोन, ती बँक, ते हॉटेल. इंग्रजीत या नामांना लिंग नाही. मराठीत आल्याबरोबर त्यांना ते मिळालं, कारण लिंगाशिवाय मराठीत नामाला वाक्यात उभंच राहता येत नाही. हा निर्णय कोणत्याही समितीने घेतला नाही. लाखो बोलणाऱ्यांनी न ठरवता घेतला आणि बहुतेक शब्दांच्या बाबतीत तो सर्वांचा एकसारखा निघाला.

कानाला शिकवलेले भेद

भाषेचा पाया ध्वनींचा. माणसाच्या तोंडातून असंख्य वेगवेगळे आवाज निघू शकतात, पण प्रत्येक भाषा त्यातल्या काहीच भेदांना अर्थ देते. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’ हे दोन शब्द आहेत, ‘पळ’ आणि ‘फळ’ हेही दोन. म्हणून ल आणि ळ, प आणि फ हे मराठीचे वेगळे स्वनिम. स्वनिम म्हणजे एवढाच ध्वनी बदलला तर शब्द बदलतो, असं ध्वनीचं एकक. इंग्रजी बोलणारा ‘पिन’ म्हणताना पहिला ध्वनी हवेच्या झोताने, जवळजवळ आपल्या महाप्राण ध्वनीसारखा उच्चारतो आणि ‘स्पिन’मध्ये तोच झोताशिवाय. त्याच्या भाषेत या फरकाने शब्द बदलत नाही, त्यामुळे तो त्याच्या लक्षातही येत नाही.

हे भेद कान कधी शिकतो? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हा फरक कळत होता, जरी त्यांच्या घरच्या भाषेत तो नव्हता. दहा-बारा महिन्यांच्या मुलांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. बाळ जगातल्या कोणत्याही भाषेच्या तयारीने जन्माला येतं आणि पहिला शब्द बोलण्याच्या सुमाराला त्याचा कान घरच्या भाषेशी जुळून गेलेला असतो. ज्या वयात मूल ‘अजून बोलत नाही’ असं आपण म्हणतो, त्या वयात त्याचा भाषेचा अभ्यास पूर्ण भरात असतो.

आपल्याच ध्वनिव्यवस्थेतल्या कितीतरी गोष्टी लिपी आपल्यापासून झाकून ठेवते. ‘चिंच’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिला च जिभेचा मधला भाग टाळूकडे नेऊन होतो, दुसरा जीभ दातांच्या मागे टेकवून. अक्षर एक, उच्चार दोन. ‘माझा’ म्हणताना झ दातांकडचा असतो, ‘माझी’ म्हणताना तो टाळूकडे सरकतो, कारण पुढे ई आहे. ‘कागद’मध्ये ग पूर्ण उच्चारला जातो, पण ‘कागदावर’ म्हणताना त्यातला अ गळतो आणि आपण ‘काग्दावर’ म्हणतो. ‘गवत’चं ‘गव्तात’ होतं. हे उच्चार लिहिलेले नसतात आणि शिकवलेलेही नसतात, तरी आपल्या तोंडून त्यात चूक होत नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मात्र यातली एकेक गोष्ट प्रयत्नाने साधावी लागते.

लिपी भाषेच्या फार नंतर येते. जगातल्या अनेक भाषांना आजही रूढ लिपी नाही आणि त्यामुळे त्यांच्या व्याकरणात कणभरही उणीव राहिलेली नाही. म्हणून भाषाविज्ञान बोलण्यापासून सुरुवात करतं.

रांगेमागची रचना

बोलताना शब्द एकामागून एक येतात, म्हणून वाक्य म्हणजे शब्दांची रांग असं वाटू शकतं. ‘जुनं कपड्यांचं दुकान’ आणि ‘जुन्या कपड्यांचं दुकान’ ही दोन रूपं शेजारी ठेवली की हा समज टिकत नाही. पहिल्यात दुकान जुनं आहे, दुसऱ्यात कपडे. विशेषणाचं रूप कोणता शब्द कोणाशी बांधला आहे ते सांगतं. आता ‘सुंदर कपड्यांचं दुकान’ म्हणा. ‘सुंदर’चं रूप बदलत नाही, त्यामुळे सुंदर काय आहे, कपडे की दुकान, हे नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. तेच तीन शब्द, तोच क्रम आणि अर्थ दोन. याचा अर्थ आपलं मन शब्दांचे गट बांधत असतं, गटांत गट बसवत असतं, आणि अर्थ त्या बांधणीतून येतो.

गटात गट बसवण्याला मर्यादा नाही. ‘मावशीचं घर’, ‘मावशीच्या नणंदेचं घर’, ‘मावशीच्या नणंदेच्या दिराचं घर’. दमून आपण थांबतो, नियम थांबायला सांगत नाही. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकाने हा मुद्दा भाषाविज्ञानाच्या केंद्रस्थानी आणला. मर्यादित शब्द आणि मर्यादित नियम यांतून अमर्याद वाक्यं कशी तयार होतात, हा प्रश्न त्यांनी गणिती काटेकोरपणे मांडला. ही क्षमता किती प्रमाणात जन्मजात आणि किती प्रमाणात अनुभवातून आलेली, यावर आजही जोरदार वाद आहेत. पण ही क्षमता प्रत्येक निरोगी मुलात दिसते, घर श्रीमंत असो की गरीब, शिकलेलं असो की न शिकलेलं, याबद्दल वाद नाही.

मधमाश्या आणि माकडं

प्राणीही एकमेकांना खुणा देतात. मधमाशी पोळ्यावर नाचून फुलं कोणत्या दिशेला आणि किती लांब आहेत ते सांगते. हा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. केनियातली व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे इशारे देतात, आणि ऐकणारी माकडं त्याप्रमाणे झाडावर चढतात, आकाशाकडे बघतात किंवा पायाखालची जमीन न्याहाळतात.

हे सगळं विलक्षण आहे, तरी मानवी भाषा इथे थांबत नाही. माकड ‘काल बिबट्या आला होता’ असं सांगत नाही, ‘बिबट्या आला नाही’ असंही नाही. जे समोर नाही, जे होऊन गेलं, जे कधीच होणार नाही, त्याबद्दल माणूस बोलतो. चार्ल्स हॉकेट या भाषावैज्ञानिकाने १९६० साली मानवी भाषेच्या अशा लक्षणांची यादी केली. त्यातलं एक फार महत्त्वाचं लक्षण म्हणजे भाषेचे दोन मजले. खालच्या मजल्यावर अर्थ नसलेले थोडेसे ध्वनी असतात. त्यांच्या जुळणीतून वरच्या मजल्यावरचे हजारो अर्थपूर्ण शब्द तयार होतात. क, म, ळ यांना स्वतःचा अर्थ नाही, ‘कमळ’ला आहे.

या शब्दाचा त्या फुलाशी काही नैसर्गिक संबंध आहे का? स्विस विद्वान फेर्दिनां द सोस्यूर यांनी नाही असं ठामपणे सांगितलं. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपात आली. शब्द आणि वस्तू यांचं नातं समाजाने मान्य केलेल्या संकेताचं आहे. म्हणूनच भाषा पिढ्यान्‌पिढ्या बदलू शकते, आणि म्हणूनच कोणतीही भाषा जात्याच दुसरीहून अधिक अर्थवाही किंवा अधिक पवित्र ठरत नाही.

हातांची भाषा

भाषेला आवाज तरी लागतोच का? बराच काळ बहुतेकांनी याचं उत्तर ‘हो’ असंच गृहीत धरलं. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन खुणांच्या भाषेचं विश्लेषण प्रसिद्ध केलं आणि दाखवून दिलं की हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल हे घटक तिथे बोलल्या जाणाऱ्या भाषेतल्या ध्वनींचंच काम करतात. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे. मराठी किंवा हिंदी वाक्यातला एकेक शब्द हातांनी दाखवला की ती भाषा होते, असं नाही.

याहून मोठा दाखला निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशाने दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरांत एकेकटी वाढत होती. राजधानी मनाग्वामध्ये त्यांच्यासाठी शाळा निघाल्या आणि शेकडो मुलं पहिल्यांदा एकत्र आली. वर्गात ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्याचा प्रयत्न होई, तो फारसा साधत नसे. मैदानात आणि बसमध्ये मात्र मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या. नंतर आलेल्या लहान वयाच्या मुलांनी त्या खुणा जशाच्या तशा उचलल्या नाहीत. कोण, कुठे, कोणाला हे नेमकं दाखवणारी व्याकरणाची साधनं त्यांनी त्यात घडवली. १९८६ पासून ज्युडी केगल आणि पुढे इतर अभ्यासकांनी ही घडण नोंदवली. कोणत्याही मोठ्या माणसाने न शिकवलेली एक पूर्ण भाषा मुलांनी जगासमोर उभी केली. मुलांना सोबत मिळाली की भाषा घडते आणि लहान मुलं तिला आकार देतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळाला आहे.

‘पाणी’ आणि ‘पानी’

इथवर आलेला वाचक पुढचा निष्कर्ष स्वतःच काढेल. प्रत्येक बोलणाऱ्याच्या मनात पूर्ण व्याकरण असतं, तर मग ‘अशुद्ध’ बोलणं म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या अनेक बोलींत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. शाळेत, मुलाखतीत, मंचावर त्यासाठी हसं होतं. पण प्रमाण हिंदीत ‘पानी’च शुद्ध आहे. संस्कृतात मूळ शब्द ‘पानीय’, म्हणजे तिथेही न होता. प्राकृतात त्या न चा ण झाला आणि तो ण प्रमाण मराठीने सांभाळला. म्हणजे आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो, तोही एका काळी झालेल्या बदलाचाच परिणाम आहे. शिवाय ‘पानी’ म्हणणारा माणूस एवढ्या एका शब्दात चुकत नाही. तो ‘कोन’, ‘लोनी’, ‘आनि’ असंही म्हणतो. बदल इतका नियमित असतो, तेव्हा त्याला चूक म्हणता येत नाही, तो त्या बोलीचा नियम असतो.

नागपूरकडे ‘काय करून राहिला?’ असं विचारतात. चालू असलेली क्रिया दाखवायला प्रमाण मराठी ‘असणे’ या क्रियापदाची मदत घेते, ‘करतो आहे’चं ‘करतोय’ होतं. तिथली बोली ‘राहणे’ची मदत घेते, हिंदी ‘कर रहा है’ म्हणताना घेते तशीच. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणतात, म्हणून त्यांना लिंगाचं भान नाही असं समजणाऱ्याने त्यांचं पुढचं वाक्य ऐकावं. दुसऱ्या बाईबद्दल बोलताना त्या ‘तो आला’ असं कधीच म्हणत नाहीत. त्यांच्या बोलीत प्रथमपुरुषी रूप स्त्री-पुरुषांना सारखं आहे, इतकंच. इंग्रजीत आणि संस्कृतात ‘मी येतो’ या अर्थाच्या क्रियापदातही लिंगभेद नाही आणि त्यासाठी त्या भाषांना कोणी नावं ठेवत नाही.

भाषा शेजारानेही बदलतात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरं शतकानुशतकं शेजारी राहत होती. घरात प्रत्येक समाजाने आपली भाषा टिकवली होती, शब्द वेगळे होते. पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्याचा प्रत्येक घटक जागच्या जागी बदलला की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हावं. आपण ज्यांना वेगवेगळ्या भाषाकुळांत टाकतो, त्या भाषा रोजच्या व्यवहारात एकमेकींच्या अंगणात उठत-बसत असतात. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळायचं की सामील करायचं हा फरक, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. तो तमिळ-तेलुगूत आहे. द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासाची ती खूण असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. तरी ‘आपण’ म्हणताना मराठी भ्रष्ट झाली असं कोणाला वाटत नाही.

हे कळल्यावर काय करायचं?

प्रमाणभाषा हवीच. गडचिरोलीच्या मुलीला आणि सिंधुदुर्गाच्या मुलाला एकच पाठ्यपुस्तक वाचता यावं, कायदा आणि वर्तमानपत्र सर्वांना समजावं, यासाठी लेखनाची एक ठरलेली रीत लागते. तिची निवड मात्र इतिहासाने केली. सत्ता, छापखाने आणि शिक्षण जिथे एकवटलं होतं, तिथली बोली प्रमाण ठरली. तिच्या व्याकरणात इतर बोलींपेक्षा जास्त तर्क किंवा जास्त सौंदर्य होतं म्हणून ती निवडली गेली नाही.

हा फरक शिक्षकाला माहीत असला की वर्ग बदलतो. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाला ‘तुला बोलता येत नाही’ असं सांगणं खोटं आहे आणि क्रूरही. त्याला बोलता येतं, नियमाने येतं. ‘घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो’ असं सांगितलं तर ते खरंही असतं आणि मुलाच्या पचनीही पडतं. दोन्ही रूपं शेजारी मांडून त्यातला नियम मुलांकडूनच शोधून घेतला, तर तोच भाषाविज्ञानाचा पहिला धडा होतो, आणि त्यासाठी वेगळं पुस्तकही लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. त्या ‘घरच्या भाषे’त अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, भिली आणि भारतीय सांकेतिक भाषा यांना जागा मिळते की नाही, यावर त्या आग्रहाचं मोल ठरेल.

नोंदींचं कामही चालू आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं नव्याने सर्वेक्षण केलं आणि गावोगावच्या लोकांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. ती ऐकताना पहिल्यांदा आपलं लक्ष वेगळेपणाकडे जातं. थोडा वेळ ऐकत राहिलं की त्या वेगळेपणातली शिस्त जाणवू लागते. ही शिस्त ऐकू येऊ लागणं हा भाषाविज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो मिळाला की कोणाच्याही बोलण्याला हसण्याआधी आपण त्यातला नियम शोधू लागतो.